आगगाडींतील यात्रा आणि आमचें प्रवासवाङ्मय

मराठी वाङ्मयास यात्रेचें वावडें कधींच नव्हतें. आमच्या गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे तें 'लीळाचरित्र' उघडून पाहावें. गांव, देऊळ, मढ, पुन्हां गांव, असें तें पानोंपानीं चालतें आहे. नामदेवांच्या नांवावरील 'तीर्थावळी' ही ज्ञानदेवांच्या सोबतीनें केलेल्या तीर्थाटनाची कथा. पुढें गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', आणि त्यामानानें अलीकडचे म्हणजे इरावतीबाई कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख व दि. बा. मोकाशी यांची १९६४ सालची 'पालखी'. कोणाही भाषेनें अभिमान बाळगावा अशी ही परंपरा आहे. परंतु तिच्याकडे पाहतांना एक गोष्ट मनास टोंचल्यावांचून राहत नाहीं. हे बहुतेक सारे यात्रेकरू पायीं जाणारे आहेत. उलट, हा लेख ज्या घरांत वाचला जाईल त्या घरांतील आईबापांनीं, आजाआजींनीं काशी, प्रयाग, रामेश्वर हीं क्षेत्रें पाहिलीं तीं आगगाडींत बसून. गेलीं दीडशें वर्षें आमचा मध्यम वर्ग सहकुटुंब सहपरिवार, वळकट्या आणि फिरकीचे तांबे घेऊन, गाडीनें यात्रेस जात आहे. त्या यात्रेचें पुस्तक कोठें आहे?

छापील कागद पुष्कळ आहे. स्वखर्चानें छापून आप्तेष्टांस वांटलेलीं, आणि क्वचित् प्रकाशकानें काढलेलींही, अशीं यात्रावर्णनें आम्हीं आजवर वाचलीं त्यांची गणती नाहीं; मात्र एक वाचलें कीं दहा वाचल्याचें पुण्य पदरीं पडतें. गाडी किती वाजून किती मिनिटांनीं सुटली हें आरंभीं येतें. नंतर उतरण्याचें स्टेशन, पंड्याची गांठ, त्याच्याशीं घासाघीस. मग क्षेत्राचें माहात्म्य, जें बहुधा देवळाच्या दारीं मिळणाऱ्या चोपडींतून उतरून घेतलेलें असतें. मग सभामंडपाची लांबीरुंदी, खांबांची संख्या. आणि गाभाऱ्याच्या उंबरठ्याशीं येतांच लेखणी एकाएकीं हात जोडून उभी राहते. लेखक कृतार्थ होतो व पुढच्या ओळींत पुढची गाडी पकडतो. ह्या लेखकांच्या भक्तीविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. त्यांचा दोष निराळा आहे. यात्रा देवळाच्या दारांत सुरू होते व देवळाच्या दारांत संपते, मधली गाडी म्हणजे केवळ एक अपरिहार्य ओझें, असें त्यांनीं गृहीत धरलें आहे. म्हणून गाडीविषयीं ते वेळापत्रकापलीकडे एक अक्षर बोलत नाहींत. गंमत अशी कीं, ह्या पुस्तकांतलें सर्वांत वाचनीय पान पुष्कळदां शेवटीं जोडलेला खर्चाचा तपशील हें असतें. लहान मुलाचें औषध, हरवलेल्या छत्रीऐवजीं नवी छत्री, मंडळींकरितां बांगड्या, रात्रीं ऐन वेळीं केलेला टांगा, ह्या रकमांत अकस्मात् माणसें दिसूं लागतात. अगोदरच्या शंभर पानांत तीं नव्हतीं.

गोडसे भटजींनीं असें केलें नाहीं. १८५७ सालीं ते वरसईहून निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल व घरचें कर्ज फिटेल ह्या आशेनें. वाटेंत बंडाची धुमाळी उसळली. झांशीच्या वेढ्यांत ते सांपडले, लुटले गेले, उपाशी राहिले. मिळविलेलें द्रव्य बहुतेक वाटेनेंच गेलें. गंगेची कावड मात्र घरीं पोंचली आणि तिच्या पाण्यानें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. पुस्तक लिहिलें १८८३ सालीं व चिंतामणराव वैद्यांनीं तें छापून काढलें १९०७ सालीं. आतां ह्या सनांकडे जरा लक्ष द्यावें. भटजी लिहावयास बसले तेव्हां मुंबईहून जबलपुरावरून प्रयागाकडे आगगाडी जाऊं लागून तेरा वर्षें लोटलीं होतीं. म्हणजे पायवाटेचें आमचें थोर पुस्तक आगगाडीच्या काळांत लिहिलें गेलें. त्याचें थोरपण कशांत आहे म्हणाल, तर वाटेंत जें घडलें तोच त्याचा विषय आहे, ह्यांत. तीर्थें त्यांत येतात, पण दोन वाटचालींच्या मधल्या विसाव्यासारखीं येतात. आगगाडीच्या यात्रेकरूंनीं भटजींचा धार्मिक भाव उचलला आणि त्यांचें डोळस कुतूहल खालीं ठेवलें.

आगगाडीनें वाट लहान केली, हें तर कोणीही सांगेल. तिनें यात्रेकरूच बदलला, हें तितकेंसें कोणाच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. पूर्वीं काशीस निघणारा गृहस्थ घरादाराची निरवानिरव करून निघे. परतेलच अशी खात्री नसे. परतला तर गांव जमवून मावंदें घाली. निघत असत ते बहुधा उतारवयाचे पुरुष, कांहीं विधवा स्त्रिया, एखादा निष्कांचन भिक्षुक. तान्ह्या मुलाची आई काशीस निघाली असें सहसा घडत नसे. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८८७ सालीं काशीस गंगेवर पूल झाला. १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी पंढरपुरास पोंचली. १९१४ सालीं पांबनच्या खाडीवर पूल होऊन रामेश्वराचें बेटही रुळांनीं जोडलें गेलें. ह्या पन्नाससाठ वर्षांत यात्रा ही वानप्रस्थाची गोष्ट होती ती संसाराची झाली. आजा, आजी, मुलगा, सून, दोन नातवंडें, बरोबर एखादी आत्या, असें अख्खें घर उठून देवाकडे निघालें. हा बदल लहान नव्हे.

ह्या बदलावर मोठा आक्षेप घेतला तो महात्माजींनीं. १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्यां'त त्यांनीं म्हटलें आहे कीं, पूर्वीं तीर्थास जाणें कठीण होतें म्हणून खरे भाविकच जात, आतां लुच्चेही सहज जातात, सबब आगगाडीनें तीर्थांचें पावित्र्य घालविलें. आक्षेप वजनदार माणसाचा आहे, आणि आमच्या सर्व यात्रावर्णनांच्या मनांत तो कळत नकळत ठाण मांडून बसलेला आहे. पायीं न गेल्याची एक चोरटी लाज त्यांत जागोजाग दिसते. गाडीचें वर्णन गाळण्याचें मूळ कारण आमच्या समजुतीनें हेंच. परंतु आक्षेपकाचा स्वतःचा अनुभव काय सांगतो? १९०२ सालीं कलकत्त्याहून राजकोटास जातांना ते मुद्दाम थर्ड क्लासनें गेले व काशीस उतरले. त्या प्रवासाचें त्यांच्या आत्मचरित्रांतील प्रकरण गचाळ डबे, गचाळ गल्ल्या, दक्षिणेवरून रागावलेला पंडा, ह्या तपशिलामुळें आजही ताजें वाटतें. गोखल्यांनीं त्यांस मिठाई व पुऱ्यांनीं भरलेला एक डबाही दिला होता. त्या पुऱ्या कोणाच्या हातच्या, हें मात्र तेथें कळत नाहीं. यात्रा एकट्या पुरुषाची होती, कुटुंबाची नव्हे. आणि पुण्य पायांनीं मोजण्याचा हिशेब एकट्या पुरुषासच परवडतो.

कुटुंबानें पायीं यात्रा केली तर काय होतें, ह्याचें उदाहरण आमच्याच इतिहासांत आहे आणि तें वाचतांना अंगावर कांटा येतो. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे बायकामुलांसह वर्षानुवर्षें क्षेत्रोक्षेत्रीं पुराणें सांगत पायीं हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत वडील गेले, पाठोपाठ आई, पाठोपाठ थोरली बहीण. उरलीं रमाबाई व भाऊ श्रीनिवास. तीं दोघें तशींच चालत राहिलीं व १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. पुढें रमाबाईंनीं ह्या तीर्थाटनाविषयीं जें कडवटपणें लिहिलें त्याबद्दल त्यांच्यावर रागावणारे पुष्कळ झाले. रागावण्यापूर्वीं त्यांनीं ते तीन मृत्यु मोजावयास हवे होते. कष्टाशिवाय पुण्य नाहीं हें वचन ज्यास उच्चारावयाचें असेल त्यानें तें ह्या कुटुंबाच्या देखत उच्चारून पाहावें.

असो. आमचा मूळ प्रश्न वाङ्मयाचा आहे. आगगाडीच्या यात्रेंत लिहिण्याजोगें होतें तरी काय? आमचें उत्तर असें कीं, डबा होता. जुन्या घराची रचना आठवावी. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचें, स्वयंपाकघर सोंवळ्याचें. ओसरीवरून मामंजी खांकरले कीं माजघरांतील सुना उठून उभ्या राहत. हें घर उचलून कोणीं एका लांबट खोलींत, समोरासमोरच्या दोन बांकांवर, तीस तास बसविलें तर काय होईल? आगगाडीनें नेमकें हेंच केलें. डब्याला माजघर नाहीं. जी सून मामंजींसमोर जन्मांत बसली नाहीं ती त्यांच्या समोरच्या बांकावर मूल मांडीवर घेऊन बसते. डुलकी लागून तिचा पदर घसरतो, डोकें गाडीच्या हिसक्यानें कलतें, आणि म्हातारा पाहून न पाहिल्यासारखें करीत खिडकीबाहेर नजर लावतो. नवरा-बायको घरीं चारचौघांत एकमेकांशीं बोलत नसत. येथें त्याला तिच्याकडून डबा मागून घ्यावाच लागतो. मुलांना प्रथमच कळतें कीं आपल्या बापाला भीति वाटते, गाडी चुकेल ही. ज्या सासूचा शब्द घरांत कोणी खालीं पडूं देत नाहीं तिला हिंदी येत नाहीं, आणि शाळेंत दोन बुकें शिकलेली सून फलाटावरील पाटी वाचून दाखविते. एका रात्रींत अधिकाराची अशी उलथापालथ होत असेल तर कादंबरीकारास आणखी काय पाहिजे?

सोंवळ्याचीही तीच कथा. पाण्यांत भिजविलेलें प्रवासांत विटाळतें, दुधांत भिजविलेलें चालतें, ह्या निवाड्यावर दशमी हा पदार्थ उभा आहे. हा निवाडा कोणा शास्त्रीबोवांचा म्हणून सांगतात. आम्हांस तर त्यांत स्वयंपाकघराचेंच शहाणपण दिसतें. इंग्रजी अमदानींत स्टेशनांवर हिंदु पाणी आणि मुसलमान पाणी निराळें मिळे, म्हणजे सरकारही आपल्या परीनें सोंवळें पाळी. परंतु बांकावर शेजारीं कोण येऊन बसतो ह्याला सरकारापाशीं इलाज नव्हता आणि सासूबाईंपाशींही नव्हता. इरावतीबाईंनीं पालखीबरोबर चालतांना पाहिलें कीं, एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या ब्राह्मण व मराठा बायका जेवावयास वेगळ्या बसतात. एवढ्या मोठ्या भक्तिमार्गावरही ती रेघ पुसली गेली नव्हती. आगगाडीनें माणसें तिकिटाच्या दरावरून वेगळीं केलीं, आणि तेंही कांहीं थोर कृत्य नव्हे. पण थर्ड क्लासच्या बांकावर ती जुनी रेघ ओढावयास जागाच उरली नाहीं. आरंभीं बाई अंग चोरून बसे. दुसऱ्या दिवशीं शेजारणीचें मूल तिच्या मांडीवर असे. घरीं परतल्यावर ती स्नान करून शुद्ध होई व ह्याची वाच्यता करीत नसे. ही वाच्यता न करणें, हा तर केवढा विषय!

हें सारें डोळ्यांनीं पाहणारी घरांतली स्त्री होती, आणि यात्रावर्णन लिहिणारा घरांतला कर्ता. तो तिकिटाच्या खिडकीशीं, हमालाशीं, पंड्याशीं गुंतलेला. ती सामानावर राखण बसलेली. आणि सामानावर बसणाऱ्याला जग दिसतें. पण तिच्या हातीं लेखणी नव्हती. जिच्या हातीं ती आली त्या लक्ष्मीबाई टिळकांचीं १९३४ पासून भागाभागानें निघालेलीं 'स्मृतिचित्रें' पाहावीं. वडिलांच्या सोंवळ्याच्या वेडाचें चित्र त्यांनीं ज्या निर्मळ विनोदानें काढलें आहे, तो विनोद काशीच्या गाडींत बसता तर आमचा हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. रेव्हरंड टिळकांच्या चरित्रांत एक डबा मोठ्या महत्त्वाचा आहे. १८९३ सालीं राजनांदगांवास जातांना एका गोऱ्या सहप्रवाशानें त्यांच्या हातीं ख्रिस्ती धर्मग्रंथ दिला, आणि दोन वर्षांनीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आगगाडींत माणूस धर्म बदलण्याच्या वाटेस लागतो, हें म्हणजे मराठी वाचकास ठाऊक आहे. त्याच गाडींत आपल्याच धर्मांत राहून माणूस कसा बदलत जातो, हें त्याला कोणी सांगितलें नाहीं.

आगगाडी आणि देऊळ ह्या दोहोंकडे एकाच नजरेनें पाहणारा एक मराठी कवि झाला, पण त्यानें तें इंग्रजींत पाहिलें. अरुण कोलटकर यांचें 'जेजुरी' हें पुस्तक १९७६ सालीं निघालें व पुढच्याच वर्षीं त्यास राष्ट्रकुलाचें काव्यपारितोषिक मिळालें. सुरुवात एस्. टी.च्या गाडींत, शेवट रेल्वे स्टेशनावर. ह्या शेवटामुळें कित्येक सज्जन दुखावले. स्टेशनावरील बंद पडलेलें घड्याळ, कुत्रें, चहावाला पोऱ्या, स्टेशनमास्तर ह्यांच्याकडे कवीनें देवळांतील मूर्तींइतक्याच गंभीरपणें, किंवा तितक्याच थट्टेनें, पाहिलें, हा त्यांचा राग. आमच्या मतें पुस्तकाचें मर्म तेथेंच आहे. पुढची गाडी केव्हां येईल ह्याचें उत्तर कोणी देत नाहीं आणि तरी माणूस फलाटावर थांबून राहतो, ही स्थिति भाविकाच्या स्थितीपासून फार दूर नाहीं, हें कोलटकरांनीं ओळखलें. आमच्या शेंकडों यात्रावर्णनकारांनीं तें ओळखलें नव्हतें. तथापि आमची तक्रार शिल्लक राहते. हा यात्रेकरूही सडाच आहे. त्याच्या कांखेंत मूल नाहीं, त्याला कोणाचा नवस फेडावयाचा नाहीं, म्हाताऱ्या आईला पायऱ्या चढतांना हात द्यावयाचा नाहीं. म्हणून त्याला सारें दिसतें, पण त्याला कसलीच घाई होत नाहीं. कुटुंबाबरोबर जेजुरीचा गड चढलेल्या माणसाला ही निवांत दृष्टि चैनीची वाटली तर त्यांत नवल काय?

आणि आतां तें जगही पालटलें. थर्ड क्लास १९७४ सालींच नाहींसा झाला. २०२२ पासून 'भारत गौरव' ह्या नांवाखालीं क्षेत्रोक्षेत्रीं नेणाऱ्या खास गाड्या धावतात, त्यांतील पहिली कोइमतुराहून शिर्डीस आली. तिकिटांतच जेवण, उतरण्याची जागा व देवदर्शन ह्यांची सोय असते. सोयीला नांवें ठेवणें आम्हांस आवडत नाहीं. ज्यांचे गुडघे दुखतात ते तर अशी गाडी पाठविणारास दुवाच देतील. पण एका गोष्टीची नोंद करून ठेवूं. गंगेच्या पुलावर गाडी आली कीं सारा डबा खिडक्यांकडे धांवे, चार आणे, आठ आणे नदींत पडत, लोखंडी गजांवर आपटून खणखणत; जी म्हातारी उठूं शकत नसे तिच्या हातचें नाणें परका मनुष्य घेऊन टाकी. नदीला पैसा वाहण्याची चाल पुरातन आहे. चालत्या गाडींतून, पुलाच्या लोखंडी जाळींतून नेम धरून तो वाहणें हा मात्र आगगाडीनें जन्मास घातलेला विधि, आणि तो कोणत्याही माहात्म्यांत सांपडणार नाहीं. थंड हवेच्या डब्याची खिडकी उघडत नाहीं. तेथें नाणें कपाळास लावून पुन्हां बटव्यांत जातें. पांबनचा जुना पूलही आतां विश्रांति घेत आहे. २०२५ च्या एप्रिलांत शेजारच्या नव्या पुलावरून गाड्या सुरू झाल्या. धनुष्कोडीचें स्टेशन तर १९६४ च्या डिसेंबरांतील वादळानें, उतारूंनीं भरलेल्या गाडीसकट, समुद्रानें कधींच नेलें.

तेव्हां जें उरलें आहे तें शोधावयाचें तर छापील यात्रावर्णनांत शोधून उपयोग नाहीं. घरोघरच्या ट्रंकांत, हिशेबाच्या वह्यांत, जुन्या कार्डांत शोधावें लागेल. आमच्या घरीं असें एक कार्ड आहे. आमच्या आजीनें १९३८ सालीं रामेश्वराहून आपल्या धाकट्या जावेस धाडलेलें. काशीची गंगा रामेश्वरास वाहून सेतूची वाळू घेऊन परतावयाचें, अशी ती दुहेरी यात्रा होती. बरोबर सासूसासरे, नवरा व दोन मुलें. कार्डावर बावीस तीर्थांच्या स्नानांचा उल्लेख एका ओळींत उरकला आहे. लोणच्याची बरणी उन्हांत फिरवीत जावी, गवळ्याचा हिशेब इकडील मंडळी आल्याशिवाय चुकता करूं नये, तुळशीला पाणी विसरूं नये, ह्या तीन सूचना. मग अक्षर एकदम बारीक होतें, कारण जागा संपत आलेली आहे. समुद्रावरून गाडी चालली तेव्हां मामंजींनीं मला खिडकीकडची जागा दिली, असें एवढेंच एक वाक्य; आणि त्याखालीं कडेच्या कोऱ्या पट्टींत आडवें लिहिलें आहे, बाकी मजकूर समक्ष भेटींत.